ओठांवरची लव

एफ्लॉर्निथिन हे औषध मुळात शोधले गेले कॅन्सरसाठी. तिथे ते फारसे चालले नाही. पण १९८० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीवर ते लागू पडते. त्से-त्से माशीच्या चाव्यातून आलेला हा परजीवी मेंदूत शिरला, की रोगी भ्रमिष्ट होतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो आणि उपचार झाले नाहीत तर बहुधा मरतो. एफ्लॉर्निथिनने बेशुद्धीतले रोगी उठून बसले. १९९० मध्ये अमेरिकेची मंजुरीही मिळाली.

१९९५ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. औषधात खोट नव्हती. ते ज्यांना हवे होते त्यांच्या खिशात दमडी नव्हती.

मग दवाखान्यांत उरले मेलार्सोप्रोल. १९४९ पासूनचे, आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे इंजेक्शन. इतके जहाल, की प्लॅस्टिकची सिरिंज त्यापुढे टिकत नसे. काचेची वापरावी लागे. टोचताना शिरेत आग भडकल्यासारखे होई. विसातला साधारण एक रोगी या औषधानेच दगावे.

एफ्लॉर्निथिन २००० मध्ये बाजारात परतले, ते मलम होऊन. बायकांच्या ओठांवरची, हनुवटीवरची लव कमी करण्यासाठी. दिवसातून दोनदा लावायचे. थांबले की लव पुन्हा येते, म्हणून लावतच राहायचे. असे गिऱ्हाईक कोणत्या कंपनीला नको असते? निद्रारोग्याचे तसे नव्हते. तो चौदा दिवसांत बरा होऊन घरी जाई. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी लावून धरल्यावर २००१ मध्ये ॲव्हेंटिस या औषध कंपनीने इंजेक्शने पुन्हा बनवून फुकट द्यायचे कबूल केले. मलम तोवर विकले जात होते.

नवे औषध म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत, अफाट खर्च, हजारो रेणूंतून हाती लागणारा एखादा, हे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. खरेच आहे ते. पण इथे तर रेणू हाती लागलेला होता.

आणि तो एकटा नव्हता. याच रोगावर उपयोगी पडू शकणारा फेक्सिनिडाझोल जर्मनीतल्या हेक्स्ट कंपनीने १९८० च्या दशकात सोडून दिला होता. दुर्लक्षित रोगांवर काम करणाऱ्या डीएनडीआय या संस्थेने २००५ मध्ये जुने रेणू चाळताना तो उकरून काढला. चाचण्या होऊन २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याला अनुकूल मत दिले. दहा दिवस गोळ्या घ्यायच्या. सुईसुद्धा लागत नाही.