जुना फॉन्ट आणि जुने दप्तर

दिवाळे गावातील एका परिचित गृहस्थांनी मध्यंतरी एक जुनी सीडी माझ्यापुढे ठेवली. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडासाठी त्यांच्या वडिलांनी केलेला पत्रव्यवहार १९९८ साली एका टंकलेखकाने संगणकावर उतरवला होता. कागदी प्रती पावसात गेल्या. फाईल मात्र शाबूत होती. ती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक काला दिसला. फाईल होती, पण त्यातली मराठी हरवली होती!

कारण उघड आहे. त्या काळी प्रत्येक कंपनी रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी अक्षरे आपापल्या मर्जीने बसवीत असे. कंपनीचा फॉन्ट नसेल, तर मजकूर वाचता येत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली; २००९ साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड प्रमाण मानले. तरीही कित्येक छापखाने आजही जुन्याच फॉन्टवर चालतात. मग या फॉन्टना यापुढेही आधार द्यावा काय?

छापखानेवाल्याला आडमुठा ठरवणे सोपे आहे. बदलाचा खर्च आज त्याच्या एकट्याच्या माथी बसतो आणि लाभ उद्या सर्वांना व्हायचा असतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन दाखवले, की एकदा रुळलेली पद्धत केवळ रुळली म्हणूनही टिकून राहते. तेव्हा हा प्रश्न बाजारावर सोडून सुटणारा नाही. परंतु जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले प्रत्येक नवे पान उद्याच्या देण्यात भर घालते, हेही तितकेच खरे.

येथे मोडीचे स्मरण व्हावे. मोडी शाळांतून गेली, तिची दप्तरे मात्र राहिली. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीचे जाणकार धुंडाळावे लागले. लिहिणे थांबवणे आणि वाचणे थांबवणे यांतील भेद आपण तेव्हा ओळखला नाही.

तो आता ओळखावा. कार्यालये, महाविद्यालये व छापखाने यांनी ठरावीक तारखेपासून नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. मात्र जुना मजकूर वाचण्याची सोय काढून घेऊ नये. फॉन्ट बंद करणाऱ्या कंपनीने आपली संकेतसूची जाहीर करावी. रूपांतराची साधने शासनाने विनामूल्य ठेवावीत. आणि रूपांतरित मजकूर जाणत्या माणसाने तपासावा.

त्या गृहस्थांची फाईल अखेर वाचता आली. फॉन्ट कोणता, हे शोधण्यातच दोन दिवस गेले. रफार जागा सोडून बसले होते, नावे हाताने दुरुस्त करावी लागली. ज्याच्या जमिनीचा दावा अशा नावांवर उभा आहे, त्याला हा तांत्रिक तपशील वाटणार नाही. नवा पूल बांधणाऱ्याने जुना साकव मोडण्यापूर्वी पलीकडे कोणी उरले आहे काय, एवढे तरी पाहावे.