श्राव्यातीत ध्वनी आणि जिवंत शरीराचे संशोधन

एखाद्या इंद्रियाचे कार्य समजून घ्यावयाचे, तर ते कार्य करीत असतानाच पाहावयास हवे, हे उघड आहे. तथापि जीवशास्त्राला दीर्घकाळ याच्या उलट मार्गाने जावे लागले. प्राणी मारावयाचा, इंद्रिय काढून घ्यावयाचे, त्याचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाचे, ही त्याची रीत. या रीतीने शास्त्राला अमोल ज्ञान दिले, यात संशय नाही. परंतु छेदातील हृदय स्पंदन पावत नाही आणि त्यातील रक्त वाहत नाही. ऊतक जिवंत ठेवूनच त्याचे निरीक्षण करण्याचे जे मार्ग आज उपलब्ध आहेत, त्यांत श्राव्यातीत ध्वनीचा मार्ग विशेष सौम्य आहे. जेथे तो पुरेसा असेल तेथे संशोधकाने प्रथम त्याचाच अवलंब करावयास हवा.

मनुष्याच्या कानाला दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी तो श्राव्यातीत. काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत्-भार उत्पन्न होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. उलट, अशा पदार्थाला विद्युत्-दाब दिला की तो कंप पावतो. या गुणाच्या आधारे उपकरण ध्वनीचे अत्यल्प काळाचे स्पंद शरीरात सोडते व परतलेले प्रतिध्वनी टिपते. मऊ ऊतकात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५४० मीटर धरतात. त्यामुळे प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली कळते. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एड्लर व हर्ट्झ यांनी या रीतीने मानवी हृदयाची हालचाल नोंदविली. १९५८ मध्ये ग्लासगोचे इयन डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी उदरातील गाठींची व गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली.

कंप्रता वाढविली की तरंगलांबी घटते व बारीक तपशील उमटतो. मात्र असा ध्वनी ऊतकात लवकर शोषला जातो. सेकंदास ५० लक्ष कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ०·३ मि. मी. भरते, तर ३ कोटी कंपनांच्या ध्वनीची सुमारे ०·०५ मि. मी. मनुष्याचे यकृत खोल असल्याने तेथे कमी कंप्रताच उपयोगी पडते. उंदराचे हृदय त्वचेखाली काही मिलिमीटरांवरच असल्याने तेथे अधिक कंप्रता चालते, आणि मिनिटाला सुमारे ५०० वेळा धडधडणाऱ्या त्या इवल्याशा हृदयाच्या भिंती व झडपा हलताना दिसतात.

यातून होणारा लाभ केवळ भूतदयेचा नव्हे, शास्त्राचाही आहे. समजा, एका गाठीची वाढ पाच टप्प्यांवर पाहावयाची आहे व प्रत्येक टप्प्याला आठ उंदीर हवे आहेत. जुन्या रीतीने चाळीस उंदीर मारावे लागतील. शिवाय पहिल्या टप्प्याचा उंदीर आणि पाचव्या टप्प्याचा उंदीर निराळे असल्याने दिसलेला फरक गाठीच्या वाढीचा की उंदरा-उंदरांतील भिन्नतेचा, ही शंका उरेलच. श्राव्यातीत ध्वनीने तेच आठ उंदीर पाचही वेळा पाहता येतात आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. प्राण्यांची संख्या घटविणे, पर्याय शोधणे व यातना कमी करणे ही त्रिसूत्री रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. या पद्धतीत तिच्यापैकी दोन सूत्रे एकदम साधतात.

या मार्गाची मर्यादाही मागे हटत आहे. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथील रक्तप्रवाह वाढतो. हा बदल उंदराच्या जातीतील मोठ्या प्राण्याच्या, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतील रॅटच्या मेंदूत श्राव्यातीत ध्वनीने टिपता येतो, हे पॅरिसमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले. २०१५ मध्ये त्याच शहरातील संशोधकांनी रक्तात सूक्ष्म वायु-बुडबुडे सोडून, प्रत्येकाचे स्थान स्वतंत्रपणे निश्चित करून, एक मिलिमीटराच्या सुमारे शंभराव्या भागाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांचा आराखडा मिळविला.

तरीही उत्साहाच्या भरात दोन गोष्टींचा विसर पडता कामा नये. पहिली अशी की, हा ध्वनी निसर्गतः निरुपद्रवी नाही. त्याची तीव्रता मर्यादेत ठेवल्यामुळे तो तसा राहतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात लांजव्हँ यांच्या प्रयोगांत तीव्र श्राव्यातीत ध्वनीने पाण्यातील मासे मेल्याचे आढळले होते. आज असाच ध्वनी एकवटून रोगट गाठी जाळल्या जातात. रक्तात बुडबुडे सोडले असता इजेचा संभव आणखी वाढतो. म्हणून वापरलेली तीव्रता व काळ यांची नोंद प्रत्येक प्रयोगात असलीच पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, पडद्यावरील चित्र म्हणजे प्रत्यक्ष मांस नव्हे, ते प्रतिध्वनींवरून केलेले गणित आहे. हाड व हवा यांच्यापलीकडचे त्यात नीट दिसत नाही आणि एकेक पेशी तर दिसतच नाही. गुंगी दिलेल्या प्राण्याचे हृदय जागेपणीच्या हृदयाहून निराळे चालते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. यासाठी अखेरचा पडताळा अनेकदा छेदानेच घ्यावा लागेल. पण तो चाळीस प्राण्यांचा नव्हे, आठांचा.

जेथे शक्य असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, अशी अपेक्षा भारताच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता-प्रतिबंधक कायद्यातही आहे. ही अपेक्षा केवळ समित्यांच्या कागदावर राहू नये. अशी उपकरणे महाग असतात, हे खरे. परंतु अनेक संस्थांनी मिळून एक उपकरण वापरण्यास व ते चालविणारे कुशल हात तयार करण्यास कोणाचीच आडकाठी नसावी. प्रयोगाची आखणी करतानाच ‘हे प्राणी न मारता पाहता येईल काय?’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त मात्र विद्यार्थिदशेतच लागावयास हवी, आणि ती लावण्यास पैसा लागत नाही.