गाडी माझी, कुलूप त्यांचं

ऐन लग्नसराईत नवी पेठेत गाडी घालणं हाच मुळात शहाणपणा नाही. तरी घातली, आणि भर गर्दीत स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. समोर पिवळा दिवा. गाडी वळत होती, पण दोन्ही हातांनी जोर लावून. मोटरची मदत बंद पडली होती.

नेहमीच्या मिस्त्रींनी बॅटरी, फ्यूज, वायरिंग सगळं पाहिलं. "मालक, कंट्रोल युनिट गेलंय की." स्टिअरिंगवर आपण किती जोर लावतोय हे सेन्सर सांगतो, त्यावरून मोटरला किती करंट द्यायचा ते ही डबी ठरवते. त्यांनी भंगारातल्या तशाच गाडीची डबी पार्ट नंबर जुळवून आणली, बसवली. दिवा तसाच! चाकं 'सरळ' म्हणजे कुठं, हे बदललेल्या डबीला शिकवावं लागतं म्हणे, आणि ते शिकवणारं सॉफ्टवेअर कंपनीकडं.

अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणालं, बाहेरच्या पार्टला आम्ही हात लावत नाही. डबी सुटी मिळणार नाही, अख्खा कॉलम घ्या. ३८,००० रुपये. दिले. काय करता?

सुरक्षेचा प्रश्न आहे, असं ऐकवतात. मान्य, स्टिअरिंग म्हणजे वायपर नव्हे. मग मिस्त्रींना शिकवा ना! सॉफ्टवेअर विका, रीतसर किंमत लावून.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणूनच. कंपन्या अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्रानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, मोटारीही तिच्या यादीत होत्या. डिसेंबरात पोर्टलही निघालं. आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत यातलं काही पोचलेलं मी तरी पाहिलं नाही.

असो. त्यांना मजुरी द्यायला गेलो तर घेईनात. "काम झालंच नाही की हो, मालक." बिघाड त्यांनी बरोबर ओळखला होता, डबीही नीट बसवली होती. शेवटी पोराच्या हातात पैसे कोंबून आलो.