परमुलखातील माणसे

परदेशप्रवासाची मराठी वर्णने वाचताना आम्हांला एक प्रसंग हटकून भेटतो. लेखक वाट चुकतो, कोणी अनोळखी स्थानिक हसतमुखाने ती दाखवतो, आणि 'माणूस इथूनतिथून सारखाच' असा निर्वाळा देऊन लेखक मोकळा होतो. तो स्थानिक कोण, त्याच्या विवंचना कोणत्या, याचा पत्ता नसतो.

पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून उत्तरेकडे निघाले. कोकणातल्या भिक्षुकाला तो परदेशच. महूच्या वाटेवर भेटलेल्या शिपायांनी त्यांना होऊ घातलेल्या उठावाची आगाऊ खबर दिली. पुढे आठवणी लिहिताना भटजींनी त्या शिपायांचा काडतुसांवरचा रोषही नोंदवला. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' आम्हांला आजही ताजा वाटतो तो यासाठी. वाटेत भेटलेल्या माणसाला तिथे स्वतःचे म्हणणे आहे. (भटजींना प्रवासवर्णन लिहायचे होते की नाही, हा प्रश्न निराळा.)

आता प्रवासाची दिशा उलटली आहे. उत्तरेतून पोटासाठी आलेली माणसे रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत राबतात. परदेशी टॅक्सीवाल्याच्या आपुलकीवर पानेच्या पाने खर्चणारी मराठी लेखणी त्यांच्यापाशी मात्र 'भय्ये' या एका शब्दात आटोपते.