सगळेच वापरतात म्हणून?

काल शनिवारी मुलुंडहून भाची आली. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट, सोमवारी सबमिशन. लॅपटॉपवर हिरव्यागार चमकणाऱ्या पेशींचे फोटो. "मामा बघ, हळदीचा अर्क घातल्यावर हिरवं कमी झालं. म्हणजे आरओएस कमी झाले."

मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र बारावीलाच सुटलं. पण आमच्या धंद्यात 'म्हणजे' या शब्दामागेच बग लपलेला असतो. म्हणून रात्री वाचत बसलो. आणि वाचून डोकंच फिरलं.

मुळात आरओएस नावाचं एक काही नसतंच. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल अशी ही ऑक्सिजनची पिलावळ. हायड्रॉक्सिल पेशीत जेमतेम नॅनोसेकंदभर जगतो, जन्मतो तिथेच शेजाऱ्याला चावतो. पेरॉक्साइड त्यामानानं सभ्य, लांब फिरतो, पेशीतले निरोपही पोचवतो. या सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढणं म्हणजे विरार फास्ट, स्लो लोकल आणि मालगाडी यांचा सरासरी वेग काढण्यासारखं!

तिनं वापरलेला रंग डीसीएफएच-डीए. केस्टन आणि ब्रँट यांनी १९६५ मध्ये तो पेरॉक्साइड मोजायला वापरला, पण परीक्षानळीत, सोबत पेरॉक्सिडेज घालून. कारण नुसत्या पेरॉक्साइडला हा रंग दाद देत नाही, मध्ये लोह किंवा एखादं एन्झाइम लागतं. म्हणजे पेशीत मोकळं लोह वाढलं तरी हिरवा दिवा लागतो. कहर पुढेच आहे. रंगाचं अर्धवट झालेलं रॅडिकल ऑक्सिजनशी भिडून स्वतःच सुपरऑक्साइड बनवतं, त्यातून पेरॉक्साइड, त्यातून आणखी हिरवं. एरर मोजायला टाकलेली प्रिंटची ओळच एरर तयार करतेय! असला कोड मी रिव्ह्यूत पास केला असता तर लीडनं मला खिडकीतून फेकलं असतं.

त्यात हळद. कुरकुमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट चमकतं. शिवाय ते रंगाच्या रॅडिकललाच गाठून विझवू शकतं, पेशीत काहीही न घडता.

नीट काम कसं करतात ते बघायला लांब जायला नको, घाटकोपरच्या पुढे ट्रॉम्बेला बीएआरसी आहे. तिथे पल्स रेडिओलिसिसमध्ये इलेक्ट्रॉनचा क्षणिक झोत पाण्यात सोडून हवं ते रॅडिकल ठरवून बनवतात आणि त्याचं शोषण लगेच टिपतात. तिथल्याच इंदिरा प्रियदर्शिनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कुरकुमिनची तुलना फिनॉलिक ओएच झाकलेल्या डायमिथॉक्सी कुरकुमिनशी केली. विकिरणानं होणारी चरबीची नासाडी पहिल्यानं ८२ टक्के रोखली, दुसऱ्यानं २४. एकच गोष्ट बदला, मग बोला. (ही जिवंत पेशी नव्हे, उंदराच्या यकृताच्या पेशींतून काढलेली पटलं. कबूल.)

जिवंत पेशीसाठीही वाटा आहेत. पेरॉक्साइडसाठी हायपरसारखी जनुकातून घातलेली प्रथिनं, तीही आम्लतेला फसतात म्हणून जोडीला कंट्रोल. सुपरऑक्साइडसाठी हायड्रोएथिडीन, पण त्याची दोन उत्पादनं लालच दिसतात, वेगळी करायला एचपीएलसी लागतं. मायकेल मर्फी आणि बऱ्याच जणांनी २०२२ मध्ये नेचर मेटाबॉलिझममध्ये स्पष्ट लिहिलंय : आरओएस म्हणू नका, रेणूचं नाव सांगा.

"पण मामा, सगळेच हाच वापरतात. आमच्याकडे एचपीएलसीचा नंबर महिन्यानं लागतो." खरंय, गरिबीवर माझा आक्षेप नाहीच. पण पेशी नसलेल्या नळीत रंग आणि हळद एकत्र घालून बघायला किती पैसे लागतात? पेशीत कॅटलेज वाढवून हिरवं उतरतं का ते बघायला? ते न करता निष्कर्ष ठोकायचा, आणि मग कुणीतरी तोच फोटो कॅप्सूलच्या डबीवर छापायचा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं, १९९४ मध्ये निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला. अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिलं होतं हो!

असो. रात्री साडेअकराला तिनं 'आरओएस कमी झाले' खोडून 'डीसीएफची चमक कमी झाली' लिहिलं आणि खाली न केलेल्या कंट्रोलची यादी दिली. सर ओरडतील म्हणाली. मी म्हटलं, माझा नंबर दे त्यांना. तर म्हणे, "नको मामा, तू अजून बिघडवशील."