खाटेवर पडल्याशिवाय विमा नाही

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात वजन कमी करणाऱ्या औषधाच्या खर्चाचा हिशेब करायचा, तर तो सोयाबीनमध्येच करावा. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने 'वेगोव्ही' हे सेमाग्लुटाइड औषधाचे, आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आणले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये होता. नोव्हेंबरात कंपनीने तो १०,८५० रुपयांवर उतरवला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे दरकपातीनंतरही, आणि हमीभाव खरोखरच पदरात पडला असे गृहीत धरूनही (हे गृहीतक बुलढाणा जिल्ह्यात कोणी मनावर घेत नाही), महिन्याला दोन क्विंटल सोयाबीन या इंजेक्शनपायी. मजुराचा हिशेब याहून वाईट. रोजगार हमीच्या त्या वर्षीच्या ३१२ रुपये रोजाने ही जवळपास पस्तीस दिवसांची मजुरी होते आणि तेवढे दिवस महिन्यातच नसतात. शिवाय ही सुरुवातीची मात्रा. पुढे मात्रेबरोबर खर्चही चढतो.

हा पैसा विम्यातून का मिळत नाही, याचे उत्तर औषधात नाही, विम्याच्या रचनेत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची प्रमाणित यादी केली. तिच्यात लठ्ठपणाचे कलम आहे, पण त्याचा रोख शस्त्रक्रियेवर आहे. रुग्ण किमान १८ वर्षांचा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक हवा. हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल तर ३५ चालतो. या अटी पुऱ्या केल्या की जठराच्या शस्त्रक्रियेचे काही लाख रुपये मिळण्याचा मार्ग खुला होतो. त्याच माणसाने तिथवर पोहोचू नये म्हणून घरी घ्यायचे औषध मात्र बाह्यरुग्ण खर्चात जाते आणि बहुतेक पॉलिसींमध्ये तो खर्च बसतच नाही. आजार बळावण्याची वाट पाहायची आणि मग मोठे बिल भरायचे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

सरकारी योजनेचे गणितही निराळे नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिलेली जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. हे फार मोठे काम आहे आणि हृदयाची शस्त्रक्रिया कर्ज न काढता झालेली कुटुंबे त्याची साक्ष देतील. पण योजनेचा गाभा रुग्णालयातील भरती हाच आहे. दर महिन्याला औषधाच्या दुकानात मोडणारी नोट तिच्या हिशेबात येत नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून भरला.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. ज्या महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीला (२०१९-२१) २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या, तिथे सरकारने वजन घटवण्यावर पैसा घालायचा? पण त्याच पाहणीत २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. रेशनवरचे धान्य, तेल-साखर, मोटारसायकल आणि यंत्राने होणारी शेती यांनी ही दोन्ही टोके एकाच गावात आणली आहेत. एका टोकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला औषध नाकारता येत नाही. आणि हे औषध केवळ आरशासाठी आहे, हा समजही आता टिकत नाही. 'सिलेक्ट' या चाचणीत हृदयविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या, जादा वजनाच्या १७,६०४ रुग्णांमध्ये सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, पण सरसकट नव्हे. टाइप २ मधुमेहासोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. औषध थांबवले की वजन परत येते. एका अभ्यासात वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परतला. म्हणजे खर्च वर्षानुवर्षांचा, आणि विमा कंपन्यांवर तो सरसकट लादला तर हप्ता सगळ्यांचाच वाढणार. हे मान्यच करावे लागते. म्हणून खासगी पॉलिसीत औषध घुसवणे हा उपाय मला पटत नाही. तसे झाले तर लाभ पॉलिसी असलेल्या पुण्या-मुंबईला होईल, सुलतानपूरला नव्हे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेसुद्धा जून २०२५ पासून टिर्झेपटाइड हे वजन घटवणारे दुसरे इंजेक्शन देताना आधी बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक आणि किमान चार सहव्याधी असलेले रुग्णच घेतले. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्याही वर्षानुवर्षे चालतात, तरी त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. प्रश्न कायमच्या औषधाचा नाही, त्याच्या किमतीचा आहे. आणि सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर ते बनवायला भारतीय कंपन्यांना पेटंटची आडकाठी उरत नाही, आणि अनेक उत्पादक असले की घाऊक खरेदी करणाऱ्या सरकारच्या हाती भावाची दोरी येते.

चालणे, भाकरी-भाजी, साखर कमी हे सांगणारे चुकत नाहीत. ते औषधासोबतही करावेच लागते. पण ज्याचे गुडघे आणि हृदय दोन्ही थकले आहेत, त्याला फक्त चालायला सांगणे हा उपचार नव्हे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत उपचार देतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांना लसींची शीतसाखळी सांभाळण्याचा सराव आहे, त्यामुळे दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे इंजेक्शन त्यांना नवे वाटायचे कारण नाही. मधुमेह, हृदयविकार आणि लठ्ठपणा तिन्ही असलेल्या रुग्णांपुरते, तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, दर सहा महिन्यांनी तपासून हे औषध सरकारी खरेदीच्या यादीत आणावे. आरोग्य विभागाने त्यासाठी निविदा काढावी, आणि पहिला साठा शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांऐवजी बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला द्यावा.