गळकी तोटी

दाराची कडी सैल झाली, तर कर्ता पुरुष ती त्याच दिवशी ठोकून घट्ट करतो. कौल फुटले, तर मृग लागण्यापूर्वी ते बदलले जाते. परंतु न्हाणीघरातील तोटी गळू लागली, म्हणजे तिच्याखाली एक तपेले सरकवून आपण स्वस्थ बसतो. तपेले भरून वाहू लागते, मोरीत शेवाळ धरते, भिंतीला ओल येते, तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. थेंबच तो, असे आपण म्हणतो. या थेंबाचा हिशेब आज करावा आणि तो थांबविण्याचा उपायही सांगावा, असे योजिले आहे.

गळणाऱ्या तोटीखाली एक लिटरचे भांडे ठेवावे आणि घड्याळ पाहावे. ते एका तासात भरले, तर दिवसाचे २४ लिटर आणि महिन्याचे ७२० लिटर पाणी वाया जाते. २०१९ साली केंद्र सरकारने खेडोपाडी घरोघर नळ देण्यासाठी जलजीवन योजना आरंभिली, तेव्हा माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले. म्हणजे त्या एका तोटीतून महिन्याकाठी एका माणसाचे तेरा दिवसांचे पाणी निघून जाते. बेळगावच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आणि त्याबरोबर मीटर आले. अशा घरी हा थेंब पैशाच्या रूपानेही गळतो.

आता उपाय. मूठ फिरवून बंद करण्याच्या जुन्या धाटणीच्या तोटीची रचना फार साधी आहे. इंग्लंडातील रॉदरहॅम गावच्या कारखान्यातून १८४५ च्या सुमारास ती प्रचारात आली, आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. मूठ फिरविली, की आट्यांची दांडी खाली उतरते आणि तिच्या टोकाशी बसविलेली रबराची चकती पाण्याच्या तोंडावर दाबली जाते. हीच चकती म्हणजे आपला ‘वायसर’. तो झिजला किंवा गरम पाण्याने कडक झाला, की तोटी गळू लागते. अशा वेळी पुष्कळजण जोर लावून मूठ आवळतात. त्याने आजचा थेंब कदाचित थांबेल. परंतु वायसर चिरतो, त्याखालची पितळेची बैठक खराब होते, आणि पुढे तोटीच बदलावी लागते.

दुरुस्तीस पाना, स्क्रू-ड्रायव्हर, जुने फडके आणि नवा वायसर एवढे साहित्य पुरे. गरम पाण्याची तोटी असेल, तर विजेच्या गिझरचे बटण आधी बंद करावे. मग टाकीची किंवा घरातील मुख्य चावी बंद करून तोटी उघडावी आणि नळातील उरलेले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या भोकावर फडके टाकावे, म्हणजे स्क्रू त्यात पडणार नाही. मुठीचा स्क्रू काढून मूठ उचलावी. खालच्या नटाभोवती फडके गुंडाळून तो पान्याने सैल करावा. त्या वेळी दुसऱ्या हाताने तोटी घट्ट धरावी. नाहीतर भिंतीतला नळच फिरतो आणि लहान काम मोठे होऊन बसते. दांडी बाहेर आली, की टोकाचा वायसर दिसेल. तो तसाच घेऊन दुकानी जावे व त्याच मापाचा आणावा. नवा बसविण्यापूर्वी आतील बैठकीवरून बोट फिरवावे. क्षार साचले असतील, तर पुसून काढावेत. खोल चीर लागली, तर मात्र नळकारागिरास बोलवावे. तेथे नवा वायसर टिकणार नाही.

पाणी तोंडातून न गळता मुठीच्या बुडाशी झिरपत असेल, तर वरचा नट किंचित आवळून पाहावा. फवाऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. चावी बंद केल्यावर चार-दोन मिनिटे थेंब पडले, तर ते नळीत उरलेले पाणी समजावे. पुढेही पडत राहिले, तर दोष फवाऱ्यात नसून चावीत आहे. सांध्यातून गळत असेल, तर जुनी टेप काढून, आटे पुसून, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉनची टेप गुंडाळावी. कूपनलिकेच्या जड पाण्याने फवाऱ्याची छिद्रे बुजली असतील, तर तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या तोट्यांत वायसर नसतो. त्यांचा आतला भागच तसाच नवा आणून बसवावा लागतो.

एवढे काम घरातील दहावी-बारावीतली मुले-मुलीही सहज शिकू शकतील. परंतु ज्या नळाला तोटीच नाही, त्याचे काय? पाळीने पाणी येणाऱ्या आपल्या कित्येक गावांत तोटी बसविण्याची तसदी कोणी घेत नाही. पाणी आले, की हंडे भरून उरलेले गटारात वाहते. तेच पाणी उंचावरच्या किंवा वाडीच्या टोकाच्या घरी पोहोचावयाचे असते. तेथील म्हातारी नळाशी घागर लावून बसते आणि तिची घागर अर्धीही भरत नाही. वाया जाणारे पाणी आपल्या घरचे दिसत असले, तरी ते त्या घागरीतले असते.

वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या लोकांना पाण्याचे मोल एरवी लवकर कळत नाही. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या मिरजेहून दुष्काळी लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. वर केलेल्या हिशेबाने, आपल्या पंचक्रोशीतील सातशे घरांच्या तोट्या तशा गळत राहिल्या, तर तेवढे पाणी एका महिन्यात मोरीत जाईल.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून. ज्याच्या शब्दाने भाकरी वाढली, त्यालाही तुकडा टाकून देववला नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, पिण्यायोग्य शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि पाण्याच्या नासाडीकडेही लक्ष वेधले. हक्क शेजाऱ्याचा असेल, तर तो सांभाळण्याचे काम आपलेही आहे.

म्हणून येत्या रविवारी मिस्साहून परतल्यावर घरातील साऱ्या तोट्या एकदा बंद करून पाहाव्यात. गळणारी सापडली, तर सोमवारी वायसर आणावा. आपल्या शेजारी एकटी राहणारी वृद्ध बाई असेल, तर तिची तोटीही पाहून यावी. आपला पाना तेथेही चालतो.